आभाळातले काळे ठिपके

आमच्या जळगाव जामोदला वैशाखात नुसता फुफाटा. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या शेतात पीक-पावसाच्या भाकितासाठीची घटमांडणी टिपताना मी लेन्स बदलतच नाही. तरी सातपुड्याचा फोटो एफ १६ वर काढला, की आभाळात काळपट ठिपके हजर! एफ २.८ वर तीच धूळ दडून बसते. बसते ती सेन्सरपुढच्या काचेवर. प्रतिमा उलटी पडते, म्हणून फोटोत डाग वर, तर धूळ खाली.

बॅटरी पूर्ण भरून क्लीनिंग मोड लावायचा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून रबरी ब्लोअर दाबायचा. तोंडाने फुंकर अजिबात नाही, थुंकी उडते. चिकट डाग असेल तरच स्वॅब. फुल-फ्रेमला २४ मिलिमीटर रुंदीचा. २००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून कॅमेरे कंपनांनी स्वतःच धूळ झटकू लागले, पण कापसाच्या तंतूंपुढे माझी भिस्त ब्लोअरवरच.