दोन मिलिमीटर

सकाळी 7:30
होटगी रोडवरचं दुकान उघडलं की आधी कॉम्प्रेसर चालू करायचा. टाकीत हवा भरेपर्यंत चहा होतो. पहिलं गिऱ्हाईक मोहोळहून आलेला डाळिंबाचा छोटा हत्ती, मागच्या चाकात खिळा. वीस मिनिटांत मोकळा केला. ही कामं पोटाची. दिवसभरात आणखी एक काम होतं, त्याचे पैसे मिळणार नव्हते हे मला आधीच माहीत होतं.

9:30
इंजिनिअरिंगची चार पोरं आली. दोन मोटरसायकलींवर मिळून एक पोतं. जानेवारीत कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा असते. कॉलेजच्या पोरांनी स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या तिथं उतरतात. इकडं सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली असते, आणि ही पोरं तेव्हा वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेत बसलेली असतात.

"अण्णा, चाकाचा नियम वाचू का?" एकानं मोबाइल काढला.

वाचला. चाकाचा व्यास किमान 203.2 मिलिमीटर, म्हणजे 8 इंच. कोरडा टायर कसलाही चालतो, पावसाळी टायरची नक्षी किमान 2.4 मिलिमीटर खोल हवी. मला वाटलं होतं पानंच्या पानं असतील. नियमानं खालची रेघ आखून दिली, पुढचं सगळं खिशावर सोडलं.

8 इंची रिम घेतली तर आत डिस्क आणि कॅलिपर कुठं बसवायचं? 10 इंची हलकी आणि देखणी, पण तिचे रेसिंगचे टायर बाहेरच्या देशातून मागवायचे, आणि ह्यांची वर्गणी मला ठाऊक आहे. म्हणून 13 इंची. जुन्या सँट्रोची लोखंडी रिम, भंगारात किलोवर मिळते. पोरांचं तोंड उतरलेलं दिसलं तेव्हा सांगितलं, 2021 पर्यंत फॉर्म्युला वनची रिमसुद्धा 13 इंचीच होती बे, 18 इंची झाली ती 2022 पासून. जरा बरं वाटलं त्यांना. तोटा आहेच, तो लपवला नाही. लोखंड जड. उसळलेलं चाक परत जमिनीला टेकवायला स्प्रिंगला जास्त झगडावं लागतं. शिवाय तिथं ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं जाम व्हावी लागतात, नाही झाली तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. जड चाक थांबवायलाही ब्रेक तेवढा जोरकस हवा.

11:00
पोतं उघडलं. चार रिमा, चारही काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेल्या. भंगारातल्या मालाला ताजा रंग दिसला की मी आधी हातोडी घेतो. रिम दोरीनं टांगायची आणि कडेला हलकेच टोला द्यायचा. चांगली रिम घंटेसारखी वाजते, चिरलेली भदकन बोलते. पहिल्या तिन्ही वाजल्या. चौथीही वाजली, पण तिची भोकं मला बरी दिसेनात.

व्हर्निअर काढलं. चार भोकांच्या रिमला पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मोजायला वर्तुळ काढत बसावं लागत नाही. एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मापायचं. भोकं सारख्या मापाची असली की हेच दोन मध्यांतलं अंतर. पहिल्या तिन्ही बरोबर 100. चौथी 98. तीनदा मोजली, पुसून मोजली, 98 च.

"फियाटची आहे ही," मी म्हणालो. सँट्रो, स्विफ्ट 100 वर, मारुती 800 114.3 वर, फियाट 98 वर. 800 ची रिम सँट्रोच्या हबवर टेकतच नाही, त्यामुळे तिच्याकडून फसवणूक होत नाही. 98 वाली फसवते.

"विकणारा म्हणाला सेम आहे. दोन एमएमनं काय होतंय अण्णा? नट तर लागतायत."

लागतात, हेच वाईट. पोरांनी आणलेल्या हबवर चढवून दाखवलं. समोरासमोरचे दोन नट गेले, पण त्यांचा उतार रिमच्या उतारात नीट बसेना, एका बाजूनं नखभर फट राहिली. उरलेल्या दोघांना पान्यानं ओढावं लागलं. असं ओढलेलं चाक दुकानात सरळ दिसतं. वळणावर सगळा भार वाकलेल्या स्टडवर येतो, आणि आत बसलेलं पोर कुणाचं तरी असतं.

नटांचीही तीच कथा निघाली. स्टड सँट्रोचे, 12 मिलिमीटरला 1.5 चा आटा. नट कुठून तरी 800 चे आणलेले, 1.25 चा आटा. दोन वेढे बोटांनी जातात, तिसऱ्याला चावतं. पाना लावला की आटा गेला. सगळे नट काढून डब्यात टाकले आणि डबा माझ्या गल्ल्याखाली ठेवला. परत मागितले तरी देणार नव्हतो.

1:30
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पोरांनाही दिलं. एकानं हळूच विचारलं, फॉर्म्युला वनसारखा मधोमध एकच नट लावला तर? नियम नाही म्हणत नाही, पण नट ढिला झाला तरी तो आणि चाक जागेवर धरून ठेवणारी वेगळी सोय लागते. ती करायची कुणी? चार स्टड बरे.

3:00
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे, हबचं तोंड साफ करायला. आपल्या सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांच्या इंजिनांत जातात, पण एका चाकाचा हब घासून घ्यायला तासभर रांगेत उभं राहावं लागलं. डायल गेज लावून तिन्ही रिमा फिरवल्या. दोन ठीक. तिसऱ्या रिमचा काटा डुलत होता, कडेला मार बसलेला. लाकडी ठोकळा ठेवून ठोकली तेव्हा आली जागेवर.

5:00
दुकानात स्विफ्टवाला एक जण थांबला होता. रविवारी मातीत ऑटोक्रॉस पळवतो, आता 17 इंची अलॉय हवेत. "जागतिक रॅलीतल्या गाड्यासुद्धा मातीवर 15 इंची लावतात, 18 इंची डांबरावर," मी सांगितलं. मातीत टायरची भिंत जाड हवी, दगडाचा मार ती खाते. तुझ्या गाडीच्या 14 इंचीवर 165/80, त्याऐवजी 15 इंचीवर 185/65 घे. उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. सकाळच्या पोरांपैकी एक मागं उभा होता, तो हसला. इथं दोन मिलिमीटर चालतात होय अण्णा?

चालतात. टायर दबतो, स्टड दबत नाही.

स्विफ्टवाला विचार करून येतो म्हणून गेला. 17 इंचीच घेणार, डोळ्यांत दिसत होतं.

7:30
तिन्ही रिमांवर जुने टायर चढवले, हवा भरली, बीडवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडा नाही. चौथीसाठी फोन फिरवले. सोलापुरात सँट्रोची एकही सरळ रिम सापडेना. शेवटी पुण्यात नाना पेठेतला एक ओळखीचा दुकानदार म्हणाला, बघायला पाठवा, दोन पडल्यात. चार पोरांतला बारकासा पोरगा सकाळच्या हुतात्मानं निघतो म्हणाला. माझं व्हर्निअर त्याच्या दप्तरात घातलं आणि अर्धा तास सँट्रोच्या रिमवर मोजून घेतलं त्याच्याकडून. पहिल्यांदा 97 आलं, मग 101, मग सलग पाच वेळा 100. ताज्या रंगाची दिसली तर आधी टांगून वाजव, असंही सांगितलं.

शटर ओढताना दिसलं, ती 98 वाली अजून पायरीवरच पडली होती.