घराचे मूळ शोधावे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. घराचे मूळ शोधू नये, असे मात्र त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. आपण व्यापारी लोक. ढेप फोडून चव पाहिल्यावाचून गुळाचा सौदा करीत नाही. नव्या गिऱ्हाइकास उधार देण्यापूर्वी बाजारात चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु जन्माची पुंजी घालून घर घ्यावयाचे, तेव्हा पूर्वेचे दार, नळाचे पाणी आणि भिंतींचा रंग पाहून विसार देऊन मोकळे होतो. आम्हीही तेच केले होते. त्याची हकीकत येथे सांगतो. तीत आमच्या शहाणपणापेक्षा आमच्या लाजेचा भाग अधिक आहे.

2019 साली बेळगावच्या जुन्या वस्तीत एक दुमजली कौलारू घर विकाऊ असल्याचे कळले. विकणारे दोघे सख्खे भाऊ. कराच्या पावत्या त्यांच्या नावे, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावे त्यांचीच. वकिलांनी तीस वर्षांचा बोजा दाखला काढविला, तोही निरंक. या तीस वर्षांच्या रिवाजास आधार आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडविण्याच्या दाव्यास तीस वर्षांची मुदत दिलेली आहे. बँक कर्ज देण्यास सिद्ध होती. आम्ही विसार देऊन बसलो.

अडले ते आमच्या काकांपाशी. त्यांनी सारे आयुष्य अडत दुकानाच्या वह्या लिहिण्यात घालविलेले. त्यांनी विचारले, “तीस वर्षांमागे हे घर आकाशातून पडले काय? मूळ खरेदीखत कोणी पाहिले?”

ते कोणीच पाहिले नव्हते. भावांनी माळ्यावरून फडक्यात बांधलेले दप्तर काढून दिले. त्यात त्यांच्या वडिलांचे 1951 चे खरेदीखत होते, आणि त्याच्या पोटात 1923 चा एक मोडी कागद. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. त्यामुळे येथील एकाच घराच्या दप्तरात मोडी, बाळबोध, कानडी आणि इंग्रजी असे चारही प्रकारचे लेख आढळतात, आणि ते सगळे वाचणारा एक मनुष्य क्वचित सापडतो. मोडीसाठी आम्ही एका निवृत्त गुरुजींना गाठले. त्यांनी चतुःसीमा वाचून दाखविल्या, तेव्हा पश्चिमेच्या शेजाऱ्यास परसातील विहिरीवर येण्याचा हक्क लिहून दिल्याचे कळले. विहीर केव्हाच बुजली. पण परसातील लहानसे दार कशासाठी आहे, याचा उलगडा झाला.

वडील 1968 मध्ये वारले. त्यानंतरच्या वारसा नोंदीत दोन मुलगेच होते. 1951 ते 1989 या काळाचा शोध कोणी घेतलेला नव्हता. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या 57 व्या कलमाप्रमाणे स्थावराच्या नोंदींची सूची ठरलेली फी भरून कोणासही पाहता येते. संगणकावर मिळणाऱ्या नोंदी या शतकातल्या. त्यापूर्वीच्या कचेरीतील पुस्तकांतूनच शोधाव्या लागतात. तीन दिवस पाने उलटल्यावर 1974 चे एक गहाणखत सापडले. ते 1981 मध्ये फिटलेही होते. म्हणजे कर्जाची भीती उरली नव्हती. परंतु ते लिहून देणारांत दोघा भावांबरोबर त्यांची आई होती, आणि तिच्या नावापुढे शब्द होते: “स्वतःकरिता व अज्ञान मुलीची पालनकर्ती म्हणून.”

म्हणजे या घरास एक मुलगी होती. उताऱ्यावर तिचे नाव नव्हते, आणि भावांच्या बोलण्यातही ते आले नव्हते.

कायद्याचा हिशेब येथे सरळ आहे. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपणां जैनांसही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. परंतु वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसल्यास, विधवा, मुलगे आणि मुली यांचे भाग 1956 पासूनच सारखे आहेत. तेव्हा चार भाग पडले. पुढे आई मृत्युपत्रावाचून वारली, तिचा चौथा भाग तिघां मुलांत वाटला गेला, आणि मुलीचा वाटा झाला एक तृतीयांश. उताऱ्यावरील नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही आणि नोंद राहिल्याने ती नाहीशीही होत नाही. एक हिस्सेदार घरात राहिला म्हणून केवळ काळ लोटल्याने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही.

आम्ही भावांस विचारले. ते म्हणाले, “तिच्या लग्नात सोने घातले. सांगलीस सुखात आहे. पन्नास वर्षांत तिने शब्द काढला नाही. तुम्ही कशास उकरता? वाटल्यास किंमत थोडी कमी करू.”

खरे सांगावयाचे तर आम्ही दोन दिवस गप्प बसलो. दाखला निरंक होता, बँक राजी होती, आणि किंमत उतरत होती. बाहेरच्या कोणास काही कळण्याचे कारण नव्हते. परंतु 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 3 ऱ्या कलमाचा आशय असा की, जी चौकशी करावयास हवी होती ती जाणूनबुजून टाळणारास ती गोष्ट ठाऊक होती असेच धरले जाते. आम्हांस तर ती प्रत्यक्ष ठाऊक झाली होती. शिवाय अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, हा एक अतिचार आपण पाठशाळेत घोकला आहे. चोरीचा माल पोत्यातूनच येतो असे नाही. तो निरंक दाखल्यासह कौलारू घराच्या रूपानेही येतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही काकांसह सांगलीस गेलो. बाईंनी बसावयास दिले, चष्मा लावून गहाणखताची नक्कल वाचली, आणि एका शब्दावर बोट ठेवून त्या हसल्या. “अज्ञान म्हणजे मी ना? आजवर अज्ञानच राहिले म्हणायची. घर विकले जाते आहे हे तुमच्या तोंडूनच कळते आहे.”

पुढे सात महिने गेले. भाऊ रागावले, एकदा विसार परत घ्या म्हणाले. ‘हक्कसोड लिहून घेऊ’ असेही निघाले. पण बाईंनी आपला वाटा घेण्याचे ठरविले, आणि आम्हांला ते योग्यच वाटले. किंमत काडीमात्र उतरली नाही. खरेदीखतावर विक्रेते तीन झाले, आणि बाईंच्या हिश्श्याचा धनादेश त्यांच्याच नावे निघाला. त्यांनी एकच आग्रह धरला: नावापुढे माहेरचे नावही लिहावे.

या अनुभवावरून आपल्या बंधूंस चार गोष्टी सुचवितो. साखळी मूळ खरेदीखतापर्यंत न्यावी, आणि विक्रेत्याने दिलेली वंशावळ जुन्या कागदांशी ताडून पाहावी. मुली, विधवा आणि अज्ञान मुले यांचीच नावे बहुधा गळतात. अज्ञानाचा हिस्सा पालकाने विकलेला दिसल्यास न्यायालयाची परवानगी होती का, ते पाहावे. खाते किंवा कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वटमुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. मूळ कागद ठेवून घेतलेले कर्ज बोजा दाखल्यावर दिसेलच असे नाही, म्हणून नकलेवर न भागविता मूळ कागद हाती घेऊन पाहावेत. चालू दाव्यातील घर घेणारास त्या दाव्याचा निकाल बांधतो. तेव्हा न्यायालयात विक्रेत्यांच्या नावे शोध करावा. आणि घरात कोण राहतो, कोणत्या नात्याने राहतो, हे त्यालाच विचारावे, शेजाऱ्यांसही विचारावे.

या सर्वांस खर्च येतो आणि वेळ लागतो. पण आम्हांस जे वाचले ते केवळ पुढील कज्जाच्या भीतीपासून वाचले असे नाही. गृहप्रवेशास बाई आल्या होत्या. त्या परसात गेल्या, बुजलेल्या विहिरीपाशी उभ्या राहिल्या आणि लहान दाराची कडी त्यांनी काढून पाहिली. ते दार आम्ही तसेच ठेवले आहे. सर्व कागद एका पेटीत लावून ठेवले आहेत, आणि मोडी लेखाचे बाळबोध वाचन त्यांना जोडले आहे. आमच्या मागून हे घर जो कोणी घेईल, त्याला ती पेटी मागावी लागू नये. ती किल्ल्यांबरोबर त्याच्या हाती पडावी, असे आम्ही मुलांस सांगून ठेवले आहे.