सीईटीत पर्सेंटाईल कमी आला? कॅपचा फॉर्म तरीही भरा

एमबीए सीईटीचा निकाल लागला की शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांत एकदम शांतता पसरते. मुलं घरी येऊन सांगतात, "अब्बू, 55 आलेत, आता काही होणार नाही." मग घरात मुलासाठी डोनेशनची चौकशी सुरू होते, मुलगी असेल तर स्थळं बघायला लागतात. पालकांना आमची विनंती, आधी हे वाचा.

55 पर्सेंटाईल म्हणजे 55 टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरातले साधारण 55 जण तुमच्या मुलाच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. नामवंत कॉलेज या आकड्यावर अवघड, हे खरं. पण पदवीला 50 टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गाला 45) आणि सीईटीत शून्याहून जास्त गुण असले, की कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, अर्ज करता येतो.

फॉर्म भरताना दोन रकाने नीट बघा.

पहिला, धार्मिक अल्पसंख्याक. मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांत आपल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. पुण्यात आझम कॅम्पसमधली अल्लाना इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस अशी संस्था आहे. या जागांसाठी स्पर्धा आपल्याच समाजातल्या उमेदवारांशी असते, त्यामुळे कमी पर्सेंटाईललाही संधी मिळू शकते. पण फॉर्ममध्ये हा रकाना भरलाच नाही, तर या जागांसाठी नाव धरलं जात नाही.

दुसरा, प्रवर्ग. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रं निकालाची वाट न बघता काढून ठेवा. यादीत नसलेल्या घरांनी उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा.

या कागदांची खरी किंमत मुलींच्या बाबतीत कळते. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सरकारने 2024 मध्ये हा निर्णय घेतला. अट एकच महत्त्वाची, प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही.

म्हणून एजंटच्या नादी लागू नका. "सीट पक्की करून देतो, कॅपची भानगड नको" असं कोणी म्हणाला, की समजा तो आपल्या मुलीची फी-माफी घालवतोय. पावतीशिवाय मागितलेलं डोनेशन तर बेकायदाच. कॅपिटेशन फीविरोधात महाराष्ट्रात 1987 पासून कायदा आहे.

पसंतीक्रम भरताना ज्या कॉलेजात खरंच जायचं आहे तेच वर लिहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेरीत बदल मिळत नाही. यादी करण्याआधी कॉलेजात जाऊन या, शिकवणारे कायम आहेत का आणि मागच्या बॅचला नोकऱ्या कुठे लागल्या, ते सीनियर मुलांना विचारा.

मनासारखं एकही कॉलेज मिळालं नाही, तर एक वर्ष नोकरी करत पुन्हा सीईटी द्यायलाही हरकत नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी एकही प्रश्न सोडू नका. कर्ज काढून नको त्या कॉलेजात दोन वर्षं घालवण्यापेक्षा हे एक वर्ष नक्कीच स्वस्त पडेल.