गादीच्या खोळीतल्या गोळ्या

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची साफसफाई काढली होती. जाऊबाईंच्या खोलीतल्या गादीची खोळ धुवायला काढली, तर टपटप करत गोळ्या खाली पडल्या. मोजल्या तर तेवीस! रोज रात्री सासूबाई स्वतःच्या हाताने तिला देत होत्या, त्याच.

घरात आरडाओरडा व्हायचा तो झाला. ‘एवढे पैसे खर्चून औषध आणतोय आणि ही बघा!’ खोटं कशाला सांगू, मीही चार शब्द सुनावले. ती गप्प. रात्री भांडी आवरताना मात्र तिने हळूच सांगितलं, ‘ताई, चार महिने पाळी नाही आली मला. आणि छातीतून दूध येतंय. ब्लाऊज ओला होतो.’

तिला स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज यायचे, शेजारणी आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायचं. रिस्पेरिडोन सुरू झालं आणि दोन महिन्यांत आवाज थांबले. आम्ही सगळे निश्चिंत. पाळी चुकली तेव्हा सासूबाईंना वाटलं, गोड बातमी! तपासणीत तसं काही निघालं नाही, म्हणून विषय तिथंच संपला. डॉक्टरांना का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, ‘ते पुरुष, शेजारी हे बसलेले. कसं सांगायचं?’ म्हणून तिने आपल्यापुरता उपाय शोधला होता. गोळी जिभेखाली धरायची आणि नंतर खोळीत ढकलायची. तोवर ती पुन्हा कानात कापसाचे बोळे घालायला लागली होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी एकटी तिच्याबरोबर गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या औषधाने काही बायकांच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं. बाळंतपणानंतर दूध आणणारं हेच ते संप्रेरक, म्हणून पाळी थांबते आणि दूध येतं. त्याची रक्ततपासणी असते, उपायही असतो. (पाळी नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असं मात्र समजू नका, हेही त्यांनी बजावलं.) तिचं औषध हळूहळू बदलून ॲरिपिप्राझोल दिलं. दोनेक महिन्यांनी पाळी आली. तिला झालेला आनंद काय सांगू!

पण नव्या औषधाची वेगळीच तऱ्हा. तिला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायची, रात्रभर पाय हलवायची. मला वाटलं, आजार परत आला. तसं नव्हतं, तीही औषधाचीच अस्वस्थता होती. डॉक्टरांनी डोस कमी केला, सोबत काही दिवस दुसरी गोळी दिली आणि ती शांत झाली. न सांगता राहिलो असतो, तर ‘वेडाचा झटका’ म्हणून आम्हीच औषध वाढवून मागितलं असतं!

तेव्हापासून आमच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी तिचाही हिशेब असतो. गोळी घेतली की खूण, पाळीची तारीख, महिन्याचं वजन. डॉक्टरांकडे जाताना ती पानंच घेऊन जातो. बोलायला लाज वाटते, दाखवायला वाटत नाही.

माझ्या समाजकार्यात अशी घरं आता नेहमी भेटतात. एका मुलीची गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांत मान वाकडी झाली, डोळे वर गेले. घरचे तिला देवऋष्याकडे नेत होते! दवाखान्यात एका इंजेक्शनने मान सरळ झाली. ओलान्झापिन घेणाऱ्या एकीला सतत भूक लागायची, वजन भराभर वाढलं. घरचे म्हणत, ‘खा खा खाते आणि झोपते.’ अहो, ती भूक आणि ती झोप औषधाची! सुरुवातीलाच वजन, कंबर, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासून घ्यावी, तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग दरवर्षी. अंथरुणातून उठताना चक्कर येत असेल तर आधी काठावर बसावं, मग उभं राहावं. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

दोन गोष्टींत मात्र उद्या बघू म्हणायचं नाही. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलण्यात गोंधळ असं दिसलं, तर सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं. आणि क्लोझापिन चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. या औषधाला सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त तपासतात, ते उगीच नाही.

डॉक्टर लांब असतील तर सरकारची टेलीमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्या मनाने गोळी बंद करण्याआधी निदान तिथे तरी विचारावं.

जाऊबाईंना विचारूनच हे लिहितेय. ‘लिहा ताई, फक्त माझं नाव नको,’ म्हणाली. मागच्या आषाढीला तिने उपास धरला आणि रात्री गोळी घ्यावी की नाही म्हणून घुटमळली. सासूबाईंनीच पाण्याचा पेला पुढे केला. ‘घे गं, ते काय धान्य आहे?’ आणि ती गिळेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग विचारलं, ‘या महिन्याची पाळी आली का गं वेळेवर?’