सशाचे वार्धक्यातील विकार

पाळीव ससा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) सामान्यतः ८ ते १२ वर्षे जगतो व पाच-सहा वर्षांनंतर वृद्ध समजला जातो. निसर्गात तो भक्ष्य प्राणी असल्यामुळे वेदना सहसा प्रकट करीत नाही. परिणामी विकार बळावल्यावरच तो पाळणाऱ्याच्या लक्षात येतो.

लक्षणे : भूक मंदावणे, लेंड्या लहान किंवा कमी होणे, दात करकरणे, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणे, हनुवटी ओली राहणे व वजन घटणे ही महत्त्वाची लक्षणे होत. वजन दर आठवड्यास घेऊन नोंदवावे. शरीराचे तापमान ३८.५° ते ४०° से. असते; ते ३८° से.च्या खाली जाणे धोक्याचे असते. मूत्राचा तांबूस रंग पुष्कळदा आहारातील वनस्पतींमुळे येतो. तो रक्तामुळे आहे किंवा कसे, हे तपासणीने ठरवावे लागते.

सशाच्या आतड्यांची हालचाल तंतुमय अन्नाच्या सतत पुरवठ्यावर अवलंबून असते. दुखणे दातांचे असो वा सांध्यांचे, खाणे थांबताच ही हालचाल मंदावते, उंडुकातील सूक्ष्मजंतूंचा समतोल ढळतो व यकृतात मेद साचू लागतो. म्हणून बारा तास खाणे व लेंड्या बंद असल्यास तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

प्रमुख विकार : दात आयुष्यभर वाढत असल्याने ते नीट झिजले नाहीत, तर दाढांना टोके येऊन जीभ व गाल जखमी होतात. संधिशोथामुळे शरीर स्वच्छ ठेवता येत नाही. शेपटीखाली मळ चिकटतो व माश्यांनी तेथे अंडी घातल्यास अळ्या पडतात. वंध्यीकरण न केलेल्या वृद्ध माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळ आढळतो. एन्सिफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीमुळे मान वाकडी होते, मागील पाय लुळे पडतात व मूत्रपिंडे बिघडतात.

उपचार : ऊब, द्रवपुरवठा, वेदनाशामक औषध व पातळ तंतुमय अन्न भरविणे हे प्राथमिक उपचार होत. मात्र पोट फुगून घट्ट झाले असल्यास आतड्यात अडथळा असण्याचा संभव असतो. अशा वेळी तपासणीपूर्वी अन्न भरवू नये. परजीवीवर फेनबेंडॅझोल २८ दिवस देतात. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन व क्लिंडामायसीन ही प्रतिजैव औषधे तोंडावाटे दिल्यास आतड्यात घातक विषबाधा होऊ शकते. म्हणून माणसांची औषधे परस्पर देऊ नयेत. सशाला वांती होत नसल्याने शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवण्याचे कारण नसते.

वाळलेले गवत सदैव उपलब्ध ठेवणे, मऊ व कोरडे अंथरूण देणे आणि वर्षातून दोनदा तपासणी करून घेणे, यांमुळे बरेच विकार टळतात किंवा वेळीच कळून येतात.