विश्लेषण : ‘ॲडल्ट’ म्हणजे अश्लील का? पुरस्कारविजेत्या चित्रपटांनाही ‘ए’ प्रमाणपत्र का मिळते?

अकोल्याच्या जठारपेठेत घरबसल्या कुणी मोबाइलवर ‘पुरस्कारविजेता ॲडल्ट चित्रपट’ असे शोधले, तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच यादीत येतात. एक म्हणजे अमेरिकेतला पॉर्न उद्योग. त्याचे ‘एव्हीएन’ पुरस्कार १९८४ पासून दिले जातात आणि मध्यमवयीन कलाकारांसाठी त्यात स्वतंत्र गटही आहे. दुसरी म्हणजे आपल्याकडचे ‘ए’ प्रमाणपत्र मिळालेले, महोत्सवांत गाजलेले चित्रपट. शब्द एकच असला तरी कायदा या दोन्हींकडे सारख्या नजरेने पाहत नाही.

‘ए’ प्रमाणपत्राचा अर्थ काय?

१९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटगृहात दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र लागते. ‘ए’ म्हणजे प्रेक्षकाचे वय १८ वर्षे पूर्ण असावे, एवढेच. चित्रपट चांगला की वाईट, हे ते सांगत नाही. हिंसा, शिवीगाळ, नग्नता किंवा केवळ विषयाचे गांभीर्य यांपैकी काहीही त्यामागचे कारण असू शकते. पॉर्नला मात्र ‘ए’ प्रमाणपत्रही मिळत नाही. २०२३च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले, ‘ए’ मात्र तसाच राहिला.

मराठीतले ठळक उदाहरण कोणते?

रवी जाधव दिग्दर्शित ‘न्यूड’. पोटासाठी आणि मुलाच्या शिक्षणासाठी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या यमुनेची ही कथा. कल्याणी मुळे यांनी यमुना, तर छाया कदम यांनी तिला या कामाकडे नेणारी चंद्राक्का साकारली. २०१७च्या गोव्यातील ‘इफ्फी’साठी परीक्षकांनी हा चित्रपट निवडला होता, पण माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून वगळला. त्यानंतर परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एकही दृश्य न कापता ‘न्यूड’ला ‘ए’ प्रमाणपत्र दिले. एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क भारतीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, तर कल्याणी मुळे यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

नग्नता दाखवली की चित्रपट अश्लील ठरतो का?

नाही. ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले. फूलनदेवीची विवस्त्र धिंड पाहून प्रेक्षकाच्या मनात वासना नव्हे, तर अत्याचाराविषयी चीड निर्माण होते, असे सांगत न्यायालयाने त्याचे ‘ए’ प्रमाणपत्र कायम ठेवले. अवीक सरकार खटल्यात २०१४ मध्ये न्यायालयाने ब्रिटिशकालीन ‘हिक्लिन’ निकष बाजूला ठेवला. एखादे चित्र वा दृश्य सुटे न पाहता त्याचा संदर्भ आणि समाजाचे आजचे मापदंड पाहावेत, असे त्या निकालात म्हटले आहे.

पॉर्न पाहणे गुन्हा आहे का?

प्रौढ व्यक्तीने खासगीत ते पाहणे, हा स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र ते तयार करून प्रसारित करणे किंवा दुसऱ्याला पाठवणे गुन्हा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ नुसार पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर गंमत म्हणून पुढे ढकललेली चित्रफीतही यात येते. चित्रफितीत अल्पवयीन मूल असेल, तर नियम अधिक कडक आहे. अशी सामग्री पाहणे आणि जवळ बाळगणे हेसुद्धा गुन्ह्यात मोडते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला.

घरातल्या पडद्यावर लक्ष कोणाचे?

चित्रपटगृहात वय पाहण्याची जबाबदारी दारावरच्या माणसाची असते. टीव्हीवर ‘ए’ चित्रपट दाखवता येत नाही. निर्मात्याला दृश्ये कापून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे छोट्या मराठी चित्रपटांचे टीव्हीवरचे उत्पन्न घटते. ओटीटीला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१च्या नियमांनुसार वयोगट ठरवण्याचे काम त्या कंपन्यांचेच आहे. तेरा वर्षांवरील गटापासून पालकांसाठी कुलूप आणि ‘ए’ गटासाठी वयाची खातरजमा, अशी सोय त्यांना द्यावी लागते. अश्लीलतेच्या कारणावरून केंद्राने मार्च २०२४ मध्ये १८ ओटीटी मंच, तर जुलै २०२५ मध्ये ‘उल्लू’, ‘ऑल्ट’सह २५ ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. बंदीने ही ॲप थांबली, तरी उरलेल्या ॲपवर कुलूप लावणे आणि त्याचा पिन मुलांच्या हाती न देणे हे काम घरातल्या मोठ्यांकडेच राहते.