घरमालक व्हा, चौकार मारा!

माहीत आहे का? अमेरिकेत चार बिऱ्हाडांची अख्खी इमारत साध्या होम लोनवर घेता येते! डुप्लेक्स, ट्रिप्लेक्स, फोरप्लेक्स... चारपर्यंत बँकेच्या लेखी ते 'घर'च. पाचवं बिऱ्हाड आलं, की कमर्शियल लोन आणि नवी डोकेदुखी. इथे सिक्सरपेक्षा चौकार भारी!

आणि डाऊन पेमेंट? बसून वाचा. सरकारी एफएचए योजनेत क्रेडिट स्कोअर ५८० किंवा वर असेल, तर फक्त साडेतीन टक्के! ८ लाख डॉलरच्या फोरप्लेक्सला २८ हजार. अट एवढीच, की ६० दिवसांत स्वतः राहायला जायचं आणि निदान वर्षभर तिथेच नांदायचं. एका ब्लॉकात आपण, बाकी तिघांचं भाडं हप्त्याला. तरुण मंडळी याला 'हाऊस हॅकिंग' म्हणतात. कॉम्प्युटर लागत नाही, प्लंबरचा नंबर मात्र लागतो.

गोम आहेच! तीन-चार बिऱ्हाडं असली, तर एफएचएमध्ये इमारतीचीच परीक्षा होते. सगळ्या ब्लॉकांचं भाडं मांडायचं, अगदी तुमच्यासुद्धा. त्यातून किमान २५ टक्के कापायचे. उरलेल्यात हप्ता, टॅक्स, विमा सगळं बसलं तर पास! महागड्या शहरांत भले भले सौदे इथेच गचकतात.

बरं, आयडिया नवी वाटतेय? छे! बॉस्टनचे लाकडी 'ट्रिपल-डेकर' १८८० ते १९३० च्या काळातले. तीन मजले, तीन कुटुंबं, पुढे एकावर एक गॅलऱ्या. कित्येक स्थलांतरितांनी एका मजल्यावर संसार थाटला आणि बाकीचे भाड्याने दिले.

मिलवॉकीच्या पोलिश मंडळींनी तर कहर केला. आधी चिमुकलं घर बांधायचं. पैसे साठले, की तेच घर जॅक लावून उचलायचं आणि खाली, अर्धं जमिनीत, नवं बिऱ्हाड घालायचं! वरचा मजला आधी, खालचा नंतर.

मिसेस मर्फी माहीत आहेत का? १९६८ च्या घरभाडे-भेदभावविरोधी कायद्यात चारपर्यंत बिऱ्हाडांच्या, मालक स्वतः राहत असलेल्या इमारतीला काही सूट आहे. ती यांच्याच नावाने ओळखली जाते. बाई मात्र कधी जन्मल्याच नाहीत! राजकीय चर्चेतली ही काल्पनिक घरमालकीण. वंशावरून भाडेकरू नाकारायला मात्र मर्फीबाईंनाही मुभा नाही. १८६६ चा कायदा आडवा येतो.

शेवटी टॅक्सची जादू. भाड्याची इमारत कागदावर साडेसत्तावीस वर्षांत झिजून शून्य होते. जमीन सोडून, हं! बाजारात भाव चढतोय, कागदावर झीज सुरू, टॅक्स कमी. विकायला काढलीत, की सरकार त्या झिजेचा हिशेब मागतं.